व्हाईट वाईनला केळीचा वास, रेडला मिऱ्यांचा. आणि जपून ठेवायची ती कोणती?

केळीवाला_रावेर

रामराम मंडळी,

आखाजीला पुतण्या घरी आला. नाशिककडच्या एका वायनरीत तो कामाला लागलाय. येताना सहा बाटल्या आणल्या: यंदाच्या जानेवारीत तोडलेल्या द्राक्षांची शेनिन ब्लां दोन, सोव्हिन्यों ब्लां एक (या व्हाईट), शिराझ दोन (त्यातली एक रिझर्व्ह) आणि एक कॅबरने सोव्हिन्यों (या रेड).

पहिल्या दिवशी शेनिन उघडली आणि ग्लास नाकाशी नेल्याबरोबर मला केळीचा वास आला. आमचा जन्म केळीत गेला. रायपनिंग चेंबरचा दरवाजा उघडल्यावर पिवळ्या पडत आलेल्या घडांचा जो वास येतो, तोच हा. त्यात शंका नाही. पुतण्याला विचारलं, अरे, यात एसेन्स घालता का? तो म्हणे, नाही काका, काहीच घालत नाहीत. पण तो पॅकिंगला असतो, आतलं त्याला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी साधी शिराझ उघडली. सौ. पीत नाही, नुसता वास घेतला आणि म्हणाली, "मिरे कुटलेत की काय यात?" पुतण्यालाही मिऱ्यांचा वास आला. मला मात्र जांभळासारखा वास येतो, मिऱ्यांचा अजिबात नाही. ग्लास बदलून पाहिला, तरी नाही.

आता खरा प्रश्न. मुलगी बारावीला आहे. तिचं शिक्षण होऊन लग्न ठरेल तेव्हा यातली एखादी बाटली उघडावी असं मनात आहे, म्हणजे सात-आठ वर्षं धरा. जुन्या धाब्याच्या घरात आजोबांच्या काळचं धान्याचं पेव आहे, आत कोरडं आणि अंधार. त्यात ठेवल्या तर टिकतील का? कोणती टिकेल, कोणती नाही? वास आणि चव पुढे कशी होत जाते, तेही कुणी जाणत्याने सांगावं.

---

यावलची_लेक

भाऊ, रामराम. माझं माहेर यावल तालुक्यात, त्यामुळे केळीच्या बाबतीत तुमच्या नाकावर माझा पूर्ण भरवसा आहे. नाशिक जिल्ह्यात वायनरीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलं, आता धुळ्याला असते. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही विचारलेल्या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

तुम्हाला आलेला वास केळीचाच आहे आणि तो कुणी घातलेला नाही. पिकल्या केळीच्या वासातला मुख्य पदार्थ आयसोअमाइल ॲसिटेट. द्राक्षाच्या रसातल्या साखरेची दारू करताना यीस्टसुद्धा हाच पदार्थ तयार करतं. व्हाईट वाईनचा रस स्टीलच्या टाकीत १२ ते १६ अंशांवर थंड ठेवून हळूहळू आंबवतात. त्या थंडाव्यात असे फळांचे वास जास्त राहतात. टाकी तापली तर आंबताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडबरोबर ते हवेत निघून जातात. फ्रान्समध्ये बोजोले भागातली नवी रेड वाईन दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते, तिच्यातही हा केळीचा वास ठळक असतो. पण हा वास अल्पायुषी. वाईनमधल्या पाण्याने आणि आम्लाने तो पदार्थ तुटत जातो. बाटली थंड असेल तर वर्षभरात बराचसा ओसरतो, आपल्या वैशाखात त्याहून कितीतरी लवकर.

सोव्हिन्यों अजून उघडलेली दिसत नाही. उघडाल तेव्हा पेरू शोधा, बरोबर हिरव्या ढोबळी मिरचीचा आणि ताज्या कापलेल्या गवताचा वास. मिरचीचा वास द्राक्षातूनच येतो, घडांना ऊन जास्त मिळालं की तो कमी होतो. पेरूचं मात्र नवल आहे. तो वास थायॉल नावाच्या गंधकयुक्त पदार्थांचा. रसात तो जवळपास नसतोच, कारण द्राक्षात ते पदार्थ दुसऱ्या रेणूंना बांधलेले असतात. यीस्ट ती गाठ सोडवतं तेव्हा कुठे पेरू दरवळतो. लिटरभर वाईनमध्ये एका ग्रॅमच्या अब्जांश भागात मोजावं इतकं त्याचं प्रमाण, तरी नाकाला कळतं. टाकीतून रोज नमुना काढायचा, आणि काल ज्याला नुसता गोड रसाचा वास होता त्याला आज पेरूचा वास यायचा. इतक्या वर्षांत मला त्याचा एकदाही कंटाळा आला नाही. हे थायॉल ऑक्सिजनला आणि उष्णतेला फार नाजूक. म्हणून आपल्याकडची सोव्हिन्यों ठेवण्यात काही लाभ नाही. याच उन्हाळ्यात प्या.

मिऱ्यांबद्दल: वहिनींचं नाक बरोबर आहे आणि तुमचंही बिघडलेलं नाही. शिराझमधल्या या वासाचं कारण ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली जाहीर केलं. पदार्थाचं नाव रोटंडोन, आणि काळ्या मिऱ्यांचा वासही त्याचाच. त्याच अभ्यासात दिसलं की साधारण पाचातल्या एका माणसाला तो येतच नाही, प्रमाण बरंच वाढवलं तरी. तुम्ही त्या पाचव्यातले दिसता. जांभूळ तुम्हाला येतंय ना, ते पक्कं धरा. वाईनच्या पुस्तकांत ब्लॅकबेरी, गूजबेरी असं लिहिलेलं असतं. आपण ती फळं झाडावर पाहिलेली नाहीत. आपल्या नाकाची वही जांभूळ, पेरू, कैरी, मिरे, चिंच, ओल्या मातीची आहे. तीच उघडावी, उसनी कशाला?

आता टिकण्याचं. वाईनला म्हातारपणापर्यंत नेणाऱ्या गोष्टी मोजक्या: आम्ल, टॅनिन, साखर, आणि कधी जास्तीचं अल्कोहोल. यातलं निदान एक तरी भरपूर हवं. आणि मुळात फळ दमदार हवं, नाहीतर आम्ल-टॅनिन नुसतेच मागे उरतात.

रेड वाईन सालींसकट आंबवतात, व्हाईटचा रस आधीच पिळून वेगळा काढतात. त्यामुळे साल आणि बियांमधलं टॅनिन रेडमध्ये उतरतं. कच्चं केळ चावल्यावर जीभ जशी आखडते, तोच तुरटपणा. आणि केळ पिकताना तो जातो कसा, हे तुम्हाला मी काय सांगायचं! टॅनिन तिथेच असतं, पण एकमेकांत गुंतून इतकं मोठं होतं की जिभेवर लागत नाही. जुन्या रेड वाईनमध्ये जवळपास असंच घडतं. टॅनिन आणि रंगद्रव्यं वर्षानुवर्षं जोडली जातात, मोठी झाली की गाळ होऊन तळाशी बसतात. रंग जांभळ्यावरून विटकरी होतो, तुरटपणा मऊ होतो. ताज्या जांभळाची जागा सुक्या अंजिराचा, मनुकांचा, तंबाखूचा, चामड्याचा, पावसाळी रानातल्या पाल्याचा वास घेतो. कुणाला हे फार आवडतं, कुणाला अजिबात नाही. ज्याला ताजं फळ आवडतं त्याने कुणाच्या म्हणण्यावरून वाईन जुनी करू नये.

व्हाईट उलट वाटेने जाते. रंग फिका असतो तो गडद होत सोनेरी होतो, आणि वास मध, बदाम, भाजलेल्या पावाकडे झुकतो.

तुमच्या बाटल्यांचं: शेनिन आणि सोव्हिन्यों यंदाच. साधी शिराझ तुम्ही उघडलीच, एरवी तीही वर्ष-दोन वर्षांतच. रिझर्व्ह शिराझ आणि कॅबरने नीट थंड ठेवल्या तर चार-पाच वर्षं आनंदाने जातील. सात-आठवर कॅबरने पोचेलही, पण ग्वाही देणार नाही. नाशिककडे द्राक्ष जानेवारी ते मार्चमध्ये पिकतं, तोवर दिवस तापू लागलेले असतात. उष्णतेने द्राक्षातलं मॅलिक आम्ल खर्ची पडतं, पीएच वर जातो (म्हणजे आम्लता उतरते). बऱ्याचदा टार्टारिक आम्ल घालून तो सावरावा लागतो. त्यामुळे थंड देशांतल्या वाईनइतकं दीर्घायुष्य आपल्या बहुतेक बाटल्यांना नसतं. तसं बनवणाऱ्याचाही हेतू नसतो.

पेवाचं ऐकून बरं वाटलं, जपून ठेवा ते. पण वाईनसाठी नको. जमिनीखाली खोल गेलं की तापमान वर्षभर एकसारखं राहतं हे खरं, मात्र ते त्या गावच्या वार्षिक सरासरीइतकं असतं. बोर्डो, बर्गंडीकडे ती सरासरी ११ ते १३ अंशांच्या आसपास. तळघरात वाईन ठेवायचा तिथला रिवाज त्यावरच उभा आहे. आपल्या जळगावची सरासरी २७ अंशांच्या घरात. तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळ मानाने दुप्पट होतो. म्हणजे तुमच्या पेवातली तीन वर्षं तिकडच्या आठ-नऊ वर्षांएवढी. त्यातही सगळ्या क्रिया सारख्या वेगाने वाढत नाहीत. वाईन लवकर जुनी होते ती चांगल्या रीतीने नाही, आमटी आटल्यासारखी होते.

---

भुसावळ_जंक्शन

यावलची ताई, एक विचारतो. आमच्या इकडे एका दुकानात रेड वाईनच्या बाटल्या दर्शनी काचेत, दुपारच्या उन्हात उभ्या असतात. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो. एका बाटलीचं बूच वरच्या वेष्टणासकट वर आलेलं पाहिलं. ती घेतली तर त्रास होईल का?

दुसरं, जुनी जपायची ती लालच, पांढरी टिकतच नाही, हे बरोबर ना?

---

यावलची_लेक

भाऊ, त्रास होणार नाही, पैसे मात्र जातील. गरमीने वाईन फुगते आणि बूच ढकलते. थंड झाली की आकसते आणि बाजूने हवा आत ओढते. मग ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या मुरंब्याचा वास, पुढे सुक्या फळांचा, शेवटी व्हिनेगरच्या वाटेला लागलेला. बूच वर आलेली, काठाला ओघळ असलेली बाटली घेऊ नका. बूच वर आलेलं नसलं तरी उन्हातली नकोच. नुसता प्रकाशही व्हाईट वाईनचा वास बिघडवतो, पारदर्शक काचेत तर लवकरच.

दुसरं मात्र बरोबर नाही. हा समज इतका पसरलाय की त्यावर थोडं थांबते.

फ्रान्सच्या लुआर नदीकाठी वूव्रे नावाचा भाग आहे. तिथे शेनिन ब्लांच पिकते, आपल्या केळीवाल्या भाऊंकडे आहे तीच जात. तिथल्या चांगल्या बाटल्या कित्येक दशकं टिकतात. कारण आम्ल. थंड हवेत ती जात पिकून गोड झाली तरी आतलं आम्ल सोडत नाही. जर्मनीची रीसलिंग अशीच. जुनी होताना तिला चक्क रॉकेलसारखा वास येतो, तो टीडीएन नावाच्या पदार्थाचा, आणि जाणकार तो हौसेने शोधतात. सगळ्यात मला भावते ती ऑस्ट्रेलियातल्या हंटर व्हॅलीची सेमियों. हवामान गरम, म्हणून द्राक्षं लवकर तोडतात. अल्कोहोल कसंबसं १० ते ११ टक्के, लाकडाच्या पिंपाचा स्पर्श नाही. नवी असताना पाण्यासारखी फिकी, नुसती लिंबासारखी आंबट. दहा वर्षांनी तिला भाजलेल्या पावाचा आणि मधाचा वास येतो. पिंपात न जाता! ज्याला कळलं नाही तो पहिल्याच वर्षी तिला नाकारेल.

गोड वाईनचं तर विचारूच नका. बोर्डोजवळच्या सोतर्नमध्ये द्राक्षावर बोट्रायटिस नावाची बुरशी येऊ देतात. ती साल सच्छिद्र करते, पाणी उडतं, साखर आणि आम्ल दोन्ही घट्ट होतात. अशी बाटली माणसाच्या आयुष्याएवढी जगू शकते. पोर्तुगालच्या मदेरा बेटावर तर वाईन मुद्दाम तापवून आणि हवेशी खेळवून तयार करतात, वरून द्राक्षाच्या स्पिरिटची भर. जे बिघडायचं ते आधीच होऊन गेलेलं असल्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची मदेरा आजही पिता येते. लाल-पांढरा रंग पाहून आयुष्य ठरत नाही. ते आम्ल, टॅनिन, साखर पाहून ठरतं. आणि कुठे ठेवली त्यावर.

---

निफाडची_बाग

ताईंनी छान उलगडलं. बागेच्या बाजूने थोडं.

आमच्याकडे वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार करायला, आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर छाटणी, ती फळासाठी. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपते, आपली झोपत नाही, म्हणून छाटूनच तिचा हंगाम बांधावा लागतो. त्यामुळे तिथली तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला, आपली जानेवारीपासून.

खायच्या थॉमसन जातीच्या द्राक्षाला आम्ही मणी फुगवायला झटतो. वाईनच्या जातीचा मणी लहान, साल जाड, आत बिया. लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून रंग आणि टॅनिन जास्त. कॅबरने तर वाटाण्याएवढी. एकरी माल वाढवला की रस पातळ होतो आणि वाईनवाले नाक मुरडतात, ते योग्यच आहे. २००१ च्या राज्याच्या धोरणानंतर आमच्या भागात वाईनच्या जाती वाढल्या, तेव्हा हे शिकायला शेतकऱ्याला वेळ लागला.

ताई, रिझर्व्ह म्हणजे नक्की काय ते लिहा. पाव्हणे आम्हालाच विचारतात.

---

यावलची_लेक

दादा, आपल्या देशात लेबलवरच्या रिझर्व्हला स्पेनसारखी ठरलेली मुदत नाही. सहसा निवडक माल आणि ओकच्या पिंपात काही महिने, असा अर्थ. पिंपातून व्हॅनिला, लवंग, खोबऱ्याचा वास येतो. व्हॅनिलाचा व्हॅनिलिन आणि लवंगेचा युजेनॉल हे ओकच्या लाकडातच असतात, पीप आतून भाजलं की आणखी सुटतात. अमेरिकन ओकमध्ये खोबरं जास्त. शिवाय लाकडातून किंचित हवा मिळते, त्याने टॅनिन बसायला मदत होते. पण फळ बारीक असेल तर पीप त्याला झाकून टाकतं. नुसता व्हॅनिलाचाच वास येणारी महाग बाटली मला आवडत नाही.

---

शिरपूर_तापीकाठ

वाचीसन मन गार व्हयनं, ताई. आमच्या सातपुड्यात मोहाची काढतात. तीही बाटलीत जुनी केली तर मुरते का? आणि शेवभाजी-भाकरीबरोबर काय चालेल? रेड घेऊन बसलो तर जिभेला आग लागली.

---

यावलची_लेक

मोहाची ऊर्ध्वपातन केलेली असते, तिच्यात ना टॅनिन ना फळाचं आम्ल. काचेत ती आहे तशीच राहते. व्हिस्की मुरते तीही पिंपात, बाटलीत नाही.

शेवभाजीतला काळा मसाला आणि तिखट अल्कोहोलने आणखी पेटतं, आणि तुरट टॅनिन त्यावर खरखरतं. तिथे थोडी गोडसर शेनिन, चांगली गार. साखर तिखटाला आवरते, आम्ल तेलाचा तवंग कापतं. भरिताबरोबर मात्र शिराझ घ्या, मिरची हात आखडून घातली असेल तर. वांगं काट्यांवर भाजल्याचा धूर आणि शिराझचे मिरे एकत्र फार सुंदर लागतात. आखाजीचे मांडे आणि आमरस असेल तर वाईन नको, एवढ्या गोडापुढे ती आंबट पडते. हवीच असेल तर उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाईन.

---

केळीवाला_रावेर

ताई, डोळे उघडले. सोव्हिन्यों काल उघडली. पेरू! सौ. ने स्वतःहून सांगितलं, मी काही बोललो नव्हतो. मिरचीही आली, शेवटी शेवटी. दुसरी शेनिन या रविवारी.

कॅबरने आणि रिझर्व्ह शिराझ ठेवायच्या ठरवल्या. घरात मोठा फ्रिज आहे, लोडशेडिंगला इन्व्हर्टरवर चालतो. त्यात खाली आडव्या ठेवू का? मुलीला विचारलं तर ती म्हणाली, माझ्या लग्नाची वाट बघू नका, नोकरी लागली की उघडू. म्हणजे चारेक वर्षं.

---

यावलची_लेक

चार वर्षं अगदी योग्य. तुमची लेक हुशार आहे.

वाईन १२ ते १४ अंशांवर हवी, घरच्या फ्रिजमध्ये ४-५ असतात. तितक्या थंडीत ती जवळजवळ मुरायची थांबते, पण बिघडत नाही, आणि रावेरच्या कपाटापेक्षा ते लाखपटीने बरं. फ्रिजची हवा कोरडी असते, बूच आकसतं. म्हणून बुचाची बाटली आडवी, म्हणजे आतून ओली राहील, आणि बाहेरून प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून. फिरकीच्या झाकणाची असेल तर कशीही ठेवा. दारात ठेवू नका, तिथे धक्के आणि गरम हवा. पुढे कधी वाईनचा छोटा कूलर घ्यायचं मनात आलं तर तेव्हा हलवा.

पिताना रेड १६ ते १८ अंशांवर प्यावी. आपल्या उन्हाळी खोलीत ती ३५ ला जाते आणि नुसतं अल्कोहोल नाकात शिरतं, म्हणून साधी शिराझसुद्धा फ्रिजमध्ये नीट गार करून मग ओता. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्येच, व्हाईट दोन-तीन दिवस, रेड तीन-चार.

कॅबरने उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा, गाळ खाली बसू द्या. ओतताना मागे दिवा धरा आणि मानेशी गाळ दिसला की थांबा. बूच ओल्या पुठ्ठ्यासारखं वास मारत असेल आणि वाईनही तशीच, तर तो बुचातल्या टीसीए नावाच्या पदार्थाचा दोष आहे. तुमच्या ठेवण्याचा नाही, मन खट्टू करू नका. रिझर्व्ह शिराझ आधी उघडा, कॅबरने मागाहून. आणि वहिनींना दोन्हींचा वास आधी घ्यायला द्या.